कोरड्या मातीचं चुंबकत्व: निसर्गाचं किती, माणसाचं किती?

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबईत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरक्या पुडीचा थर बसला होता. पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र आणि गुजरातवरून इथवर पोचलं होतं. तेव्हापासून हिवाळा आला, हवा धुरकट झाली की एक वाद हटकून रंगतो. ही धूळ बांधकामांची, गाड्यांची, की बाहेरून आलेली? धुळीचं मूळ शोधायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक महागड्या आहेत. एक मात्र स्वस्त आणि झटपट आहे: ती धूळ चुंबकाला किती दाद देते ते मोजायचं.

आकडा मिळायला मिनिटभर पुरतं. त्याचा अर्थ लावणं मात्र किचकट आहे, कारण धूळ ज्या मातीतून उठते त्या मातीचं चुंबकत्व काही प्रमाणात खडकानं दिलेलं असतं, काही वाऱ्या-पावसानं घडवलेलं आणि काही आपण वर टाकलेलं. कोरड्या प्रदेशात हे तिन्ही हिशोब एकमेकांत कसे मिसळतात आणि ते वेगळे कसे काढायचे, ते पाहू.

चुंबकाला दाद देणं म्हणजे काय

मातीजवळ हलकंसं चुंबकीय क्षेत्र आणलं की मातीतले काही कण त्या क्षेत्राच्या दिशेला वळतात, क्षेत्र काढून घेतलं की बहुतेक पुन्हा पूर्ववत होतात. हा प्रतिसाद किती तीव्र आहे त्याला मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी म्हणतात. पुढे आपण तिला नुसती ‘दाद’ म्हणू.

भरलेली लोकल डोळ्यासमोर आणा. ‘पुढील स्टेशन दादर’ अशी घोषणा होते. काही प्रवासी गाढ झोपेत असतात. काही जण नुसती मान वर करून बघतात. आणि काही जण घोषणा संपायच्या आत दाराकडे वळलेले असतात. मातीत वाळूचा क्वार्ट्झ आणि चुनखडीतला कॅल्साइट हे झोपलेले प्रवासी. खरं तर ते क्षेत्राकडे किंचित पाठच फिरवतात. चिकणमातीतली खनिजं, तसंच हेमॅटाइट, गोएथाइट ही लोहखनिजं मान वर करणारी. दाराकडे धावणारे दोनच महत्त्वाचे: मॅग्नेटाइट हे लोहखनिज आणि त्याचा ऑक्सिडीकरण झालेला भाऊ मॅगहेमाइट.

डब्यात माणसं किती यापेक्षा धावणारे किती, यावर सगळं अवलंबून असतं. मॅग्नेटाइटची दाद हेमॅटाइटच्या शेकडो पट असते. एक किलो मातीत एक ग्रॅम मॅग्नेटाइट असलं तरी त्या मातीचा आकडा सुमारे ५० नं वाढतो. तेवढ्याच हेमॅटाइटनं एक अंकसुद्धा हलत नाही. (इथे आणि पुढे एकक एकच: घनमीटर प्रति किलो, गुणिले १० चा उणे आठवा घात. नुसता आकडा लिहिला तरी चालतं.) म्हणून ‘माती लाल, म्हणजे लोह जास्त, म्हणजे चुंबकत्व जास्त’ हा तर्क फसतो. लाल रंग येतो मुख्यतः हेमॅटाइटमुळे, आणि तो तर मान वर करणाऱ्यांपैकी. रंगावरून दाद ओळखता येत नाही.

कोरड्या प्रदेशाचा हिशोब वेगळा का

जिथे पडणाऱ्या पावसाच्या मानानं बाष्पीभवन बरंच जास्त, तो कोरडा प्रदेश. जगातली सुमारे ४० टक्के जमीन यात मोडते. त्यासाठी थरच्या वाळवंटापर्यंत जायलाही नको. मुंबईत वर्षाला २२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून माण-खटावच्या पट्ट्यात गेलात की तो ५०० च्या आसपास येतो.

पाऊस कमी पडला की मातीत तीन गोष्टी होतात.

पहिली म्हणजे मूळ खडकाचा वारसा टिकतो. भरपूर पावसाच्या प्रदेशात खडक कुजून, धुऊन त्याची ओळख पुसट होते. कोरड्यात हे काम फार मंद चालतं. त्यामुळे बेसाल्टवरची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावरची माती शेकड्यांत आकडा देते, तर वालुकाश्म किंवा चुनखडकावरची माती एक-दोन अंकी आकड्यावर थांबते. दोन शेजारच्या टेकड्यांचे खडक वेगळे असले, तर फरक दहापट सहज निघतो, आणि त्यात माणसाचा काडीचाही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मातीत स्वतःहून तयार होणारे सूक्ष्म चुंबकीय कण इथे कमी असतात. माती आलटूनपालटून ओली आणि कोरडी होत राहिली की लोहाचं रूप बदलत जातं आणि मॅग्नेटाइट-मॅगहेमाइटचे २०–३० नॅनोमीटरपेक्षाही लहान कण जन्मतात. त्यासाठी थोडा ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ लागतो. चीनच्या लोएस पठारावर याचं उत्तम उदाहरण आहे. वाऱ्यानं आणलेल्या धुळीचे थर तिथे सुमारे २६ लाख वर्षं एकावर एक साचले. कोरड्या-थंड काळातला पिवळट लोएस कमी दाद देतो; त्यामध्ये दबलेल्या, दमट काळातल्या जुन्या मातीचे पट्टे त्याच्या दुप्पट ते कितीतरी पट. फ्रिडरिश हेलर आणि ल्यू तुंगशंग यांनी १९८० च्या दशकात या थरांचं चुंबकीय मोजमाप मांडलं, आणि चुंबकीय आकड्यांवरून जुन्या पावसाचा अंदाज बांधायची वाट मोकळी झाली.

तिसरी गोष्ट चुना, जिप्सम आणि मीठ. पाणी खाली झिरपून वाहून जात नाही, वर येऊन उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. हे सगळे झोपलेले प्रवासी. मातीत ३० टक्के चुना साचला, तर चुंबकीय कणांना धक्काही न लागता आकडा जवळजवळ त्याच प्रमाणात घसरतो. कोरड्या प्रदेशात चुन्याचं प्रमाण न मोजता दोन नमुन्यांची तुलना करणं हा बहुधा सर्वांत जास्त वेळा होणारा घोळ आहे.

वारा, आग आणि साचलेलं पाणी

वारा मातीची चाळणी करतो. मॅग्नेटाइटची घनता ५.२, क्वार्ट्झची २.६५. हलकी वाळू उडून जाते, जड काळे कण मागे राहतात. वाळूच्या लाटांवर काळसर रेघा दिसतात त्या अशाच. तिथला मूठभर नमुना घेतला तर आकडा भलताच मोठा येईल. हातभर अंतरावरचा घेतला तर अगदी किरकोळ. म्हणून वाळवंटी भागात एका ठिकाणचा एक नमुना कधीच पुरत नाही.

आगीचा परिणाम याहून गमतीदार. मातीत सेंद्रिय पदार्थ असताना ती २५०–३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की जळणारा पदार्थ आजूबाजूचा ऑक्सिजन खाऊन टाकतो. त्या कोंडलेल्या अवस्थेत कमी दाद देणारी लोहखनिजं मॅग्नेटाइट बनतात. माती निवताना हवा आत येते आणि त्याचं मॅगहेमाइट होतं. दोन्ही धावणारेच. युजेन ल बोर्न या फ्रेंच संशोधकानं १९५५ मध्ये वरच्या मातीची दाद खालच्या थरापेक्षा जास्त असते हे दाखवलं आणि पुढे त्यातला आगीचा वाटा मांडला. पण गवताचा वणवा भर्रकन पुढे जातो. त्याची धग जमिनीत एक-दोन सेंटीमीटरपलीकडे फारशी जात नाही. उसाचं पाचट पेटवल्यावरही तेच. वीटभट्टीखालची जमीन मात्र आठवडेच्या आठवडे भाजत राहते, आणि भट्टी उठून कित्येक वर्षं झाली तरी तो गोल तुकडा उपकरणाला लगेच सापडतो. पुरातत्त्ववाले जुन्या चुली आणि भट्ट्या न खणता शोधतात ते याच गुणाच्या जोरावर.

साचलेलं पाणी उलटं काम करतं. पाण्याखाली ऑक्सिजन संपला की जिवाणू श्वसनासाठी लोहाचा वापर करतात, आणि मॅग्नेटाइट हळूहळू विरघळतं. सर्वांत आधी सूक्ष्म कण जातात, कारण वजनाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग जास्त असतो. वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांच्या बुडाला, जिथे चिखल काळा आणि कुजक्या वासाचा असतो, तिथली दाद याच कारणानं खाली येते.

माणसाचा हात कुठे दिसतो

सर्वांत ठळक खूण दगडी कोळशाच्या राखेची. कोळशातली पायराइट, सिडेराइट अशी लोहखनिजं भट्टीच्या उष्णतेत वितळतात, धुराबरोबर उडताना थेंबांसारखी गोल होतात आणि थिजतात. एक मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंतच्या या गोळ्यांत मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतक्या गुळगुळीत आणि वाटोळ्या दिसतात की मातीतल्या कोनेदार कणांपासून वेगळ्या काढायला तज्ज्ञ लागत नाही. पोलाद आणि सिमेंटचे कारखानेही अशी धूळ सोडतात.

दुसरी खूण वाहतुकीची. ब्रेकचे पॅड झिजतात, डिस्क झिजते, पत्रा गंजतो. हे कण जड असल्यानं रस्त्याच्या कडेच्या पहिल्या काही मीटरांत बसतात आणि पुढे आकडा झपाट्यानं उतरतो. रेल्वेचं तर विचारूच नका. मुंबईत प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहून रुळांखालच्या खडीकडे पाहा: मुळात राखाडी-काळा असलेला बेसाल्ट तांबूस-तपकिरी झालेला दिसेल. चाक, रूळ आणि ब्रेक घासून उडालेल्या लोखंडाचा तो गंज आहे.

शहरात हे कण पावसाबरोबर गटारात जातात. कोरड्या प्रदेशात ते पडतात तिथेच राहतात. माती अल्कधर्मी असल्यानं विरघळतही नाहीत. म्हणून दुष्काळी भागातल्या औष्णिक वीजकेंद्राभोवतीच्या जमिनीच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्ये बऱ्याच वर्षांची राख नोंदलेली सापडू शकते. अट एकच: ती जमीन नांगरलेली नको.

नांगरणीचा परिणाम दोन्हीकडे होतो. वर साचलेलं खाली ढकललं जातं आणि खालचा चुनखडीचा मुरूम वर येतो, त्यामुळे वरच्या थराचा आकडा घटतो. उतारावर माती वाहून जाते आणि पायथ्याशी साचते; मग माथ्यावर कमी, तळाशी जास्त, असं चित्र दिसतं. आणि सिंचन: कालव्याचं पाणी मिळाल्यावर निचरा नसेल तर भूजल वर येतं, जमीन क्षारपड होते, आणि वर सांगितलेली विरघळण्याची प्रक्रिया तिथेही सुरू होते. माणसामुळे चुंबकत्व नेहमी वाढतंच असं नाही, हे लोक विसरतात.

मोजतात कसं आणि चुकतं कुठे

प्रयोगशाळेत यासाठी बार्टिंग्टनचं एमएस-२ उपकरण खूप प्रचलित आहे. १० घनसेंटीमीटरची प्लास्टिकची डबी मातीनं भरायची, वजन करायचं, सेन्सरच्या खाचेत ठेवायची, बटण दाबायचं. दिसलेल्या आकड्याला १० नं गुणून ग्रॅममधल्या वजनानं भागायचं. आकडा ३२० आला आणि माती १२.५ ग्रॅम असली तर दाद २५६.

हेच मोजमाप दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर करतात, ०.४६५ आणि ४.६५ किलोहर्ट्झ. घोषणा ‘डावीकडे, उजवीकडे, डावीकडे’ अशी बदलत राहिली तर सावकाश बदलताना सगळे वळतील, भराभर बदलताना काही जण मागे पडतील. मातीत मागे पडतात ते अतिसूक्ष्म कणांपैकी काही. कमी कंपनसंख्येला ३२० आणि जास्तीला ३०० आलं, तर फरक सव्वासहा टक्के. दोनपेक्षा कमी टक्के म्हणजे सूक्ष्म कण जवळजवळ नाहीत. दहाच्या वर म्हणजे चुंबकीय कणांत त्यांचंच राज्य. मातीत घडलेले कण सूक्ष्म असतात, तर राखेच्या गोळ्या आणि ब्रेकची धूळ त्यांच्या मानानं धिप्पाड. तेव्हा आकडा मोठा आणि टक्केवारी छोटी असं दिसलं, तर संशय एक तर कारखान्यावर घ्यायचा, नाही तर खडकावर.

चुका बहुतेक वेळा मोजण्याआधीच झालेल्या असतात. लोखंडी कुदळीनं नमुना काढला की कुदळीचा गंज मोजला जातो. प्लास्टिकची किंवा लाकडी खुरपी वापरा. नमुना सावलीत किंवा ४० अंशांच्या आत वाळवा, ओव्हनमध्ये भाजू नका, नाहीतर खनिजंच बदलतील. दोन मिलिमीटरची चाळणी नायलॉनची घ्या, गंजक्या पत्र्याची नको. ओल्या मातीचं वजन फसवं असतं. तारेचं कुंपण, विजेचा खांब, बोअरवेलचा पाइप यांच्यापासून लांब जा. आणि प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर रिकाम्या सेन्सरचं वाचन घ्या, कारण उपकरण तापलं की शून्य सरकतं. कमी दाद देणाऱ्या वाळूत या सरकण्यामुळे दुसऱ्या कंपनसंख्येची सगळी टक्केवारी निरर्थक होऊ शकते.

घरी करून पाहायचं असेल तर एक मजबूत चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या कठड्यावरच्या कोरड्या धुळीवरून फिरवा. काळी लव चिकटेल. पिशवी उलटी केली की चुंबक बाहेर आणि कण आत. ते निसर्गाचे की ग्रिल कापणाऱ्याच्या मशीनचे, हे मात्र एवढ्यावरून कळणार नाही.

‘आपल्याकडे सगळाच बेसाल्ट, मग प्रदूषण ओळखणार कसं?’

ही शंका सर्वांत खरी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हानं दख्खनचा साधारण ५ लाख चौरस किलोमीटर भाग झाकला आहे, आणि त्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट भरपूर आहे. कमी दाद देणाऱ्या वाळूवर राखेचा थर बसला तर आकडा लगेच उठून दिसतो. काळ्या रानात तोच थर मूळच्या शेकड्यांत बुडून जातो. वर बेसाल्टमधले कणही धिप्पाडच, म्हणजे टक्केवारीचा तपासही अर्धवट. परदेशातल्या अभ्यासातली ‘इतक्यावर आकडा गेला की प्रदूषित’ अशी रेघ महाराष्ट्रात जशीच्या तशी लावणं हा शुद्ध आळशीपणा आहे.

उपाय खोलीचा. न नांगरलेल्या जागेत, उदाहरणार्थ गायरानात किंवा जुन्या झाडाखाली, पृष्ठभागापासून ३०–४० सेंटीमीटर खोलपर्यंत दर दोन-तीन सेंटीमीटरला नमुना घ्या. खडकाचं चुंबकत्व असेल तर आकडा खाली तसाच राहतो किंवा वाढत जातो. वरून पडलेलं असेल तर पहिल्या काही सेंटीमीटरमध्येच उंचवटा दिसतो आणि खाली रेघ सपाट होते. मग त्या उंचवट्यातले कण चुंबकानं वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. गोळ्या दिसल्या तर शंका मिटली.

काळ्या मातीचा आणखी एक प्रताप: धातुशोधक यंत्रं तिच्यात गडबडतात. सूक्ष्म कणांचा उशिरा येणारा प्रतिसाद यंत्राला धातूसारखा वाटतो. जगभर भूसुरुंग शोधणाऱ्यांपुढची ही गंभीर अडचण आहे. गुप्तधनाच्या नादानं यंत्र घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्यांपुढची तितकी गंभीर नाही.

‘मग सरळ शिसं-जस्तच का मोजत नाहीत?’

मोजतातच. पण रासायनिक तपासणीत प्रत्येक नमुना आम्लात विरघळवावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. चुंबकीय मोजमापात एका दिवसात शेकडो नमुने होतात आणि माती जशीच्या तशी राहते. अनेक शहरांत शिसं, जस्त, तांबं यांचं प्रमाण आणि चुंबकीय आकडा बरोबरीनं वाढलेले आढळले आहेत, कारण दोन्ही एकाच धुराड्यातून किंवा ब्रेकमधून येतात. पण हे नातं जागेगणिक बदलतं. पाण्यातून आलेलं आर्सेनिक किंवा खतातून आलेलं कॅडमियम चुंबकाला दिसत नाही. चुंबकानं संशयित जागा हेराव्यात आणि मोजके नमुने रसायनशाळेत धाडावेत, हीच कामाची वाटणी योग्य.

‘विजेच्या तारा आणि मोबाइल टॉवरमुळे माती चुंबकीय होते का?’

नाही. विजेच्या प्रवाहानं आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, मातीतली खनिजं बदलत नाहीत. हा फरक मुंबईच्याच इतिहासात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरची ट्राम येणार आणि तिच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार, हे दिसल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, चुंबकाला दाद न देणाऱ्या दगडाची. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मग कुलाब्याच्या थांबवल्या. १९०७ मध्ये ट्राम धावली. बिघडणार होतं ते क्षेत्राचं मोजमाप, कुलाब्याची माती नव्हे. आकाशातल्या विजेचं तेवढं वेगळं: ती थेट कोसळली तर त्या ठिकाणच्या खडकावर कायमचा चुंबकीय ठसा उमटतो, पण तोही काही मीटरच्या आतच.

‘शेतकऱ्याला याचा काय उपयोग?’

सुपीकता कळेल ही आशा नको. चुंबकत्व जास्त म्हणजे जमीन कसदार असं काही नसतं, आणि याच समजावर विकली जाणारी ‘चुंबकीय’ उत्पादनं घेण्याआधी खिशाला विचारावं. उपयोग आहे तो दोन ठिकाणी. उतारावरच्या शेतात माथा, मधला भाग आणि पायथा इथले आकडे एकमेकांशेजारी ठेवले की माती कुठून कुठे सरकते आहे ते कळतं, आणि बांध नेमका कुठे घालायचा ते ठरवायला मदत होते. दुसरं म्हणजे निचऱ्याचं. पांढरे क्षार वर दिसेपर्यंत जमिनीचं बरंच नुकसान झालेलं असतं. त्याआधीच, एकाच शेतातल्या सखल आणि उंच भागातून सारख्या खोलीवर, समजा ३० आणि ६० सेंटीमीटरला, नमुने घेऊन पाहावेत. खडक तोच, चुनाही सारखाच, आणि तरी सखल भागातली दाद आणि सूक्ष्म कणांची टक्केवारी दोन्ही पडलेली असतील, तर तिथे पाणी बराच काळ मुरून बसतं आहे. बेसाल्टी रानात मोठे कण सावकाश विरघळतात, त्यामुळे तिथे आधी टक्केवारीकडे बघायचं आणि मग आकड्याकडे.